फ्लोअर प्लॅनवर छताची उंची: साधी मागणी, अवघड आकडा

फ्लोअर प्लॅन हातात आला की खोलीची लांबी-रुंदी कळते, भिंतींची जाडी कळते, दार कोणत्या बाजूला उघडतं तेही कळतं. छत किती उंचीवर आहे, हे मात्र त्या कागदावर बहुधा नसतं. कपाट बनवणाऱ्या सुताराला नेमकं तेच हवं असतं. पडदे लावणाऱ्याला, एसीचं डक्ट नेणाऱ्याला, उंच रॅक मागवणाऱ्यालाही. ही उंची सेक्शनमध्ये (इमारत उभी कापून दाखवणाऱ्या चित्रात) असते, सीलिंगच्या ड्रॉइंगमध्ये असते. पण साइटवर सगळ्यांच्या हातात फिरतो तो फ्लोअर प्लॅन. मग ड्रॉइंग करणाऱ्याला साहजिकच वाटतं, खोलीच्या नावाखाली, क्षेत्रफळाच्या शेजारी, छताची उंचीही लिहून टाकू.

मागणी एका ओळीची आहे. तरीही रेव्हिट, म्हणजे इमारतीचं थ्रीडी मॉडेल करून त्यातून ड्रॉइंग काढणारं सॉफ्टवेअर, नव्याने शिकणारा माणूस इथे हमखास अडकतो. तो सीलिंगचा टॅग (मॉडेलमधली माहिती वाचून दाखवणारं लेबल) उचलतो, फ्लोअर प्लॅनवर येतो, आणि टॅगला पकडायला काहीच सापडत नाही. मॉडेलमध्ये छत आहे, थ्रीडीत व्यवस्थित दिसतंय, तरी प्लॅनमध्ये त्याचा पत्ता नाही. यात बिघाड काही नाही. प्लॅन नावाची गोष्ट मुळात कशी काढली जाते, त्याचा हा परिणाम आहे.

प्लॅनची नजर खाली असते

फ्लोअर प्लॅन हा खरं तर आडवा सेक्शन. जमिनीपासून मीटर-सव्वा मीटरवर इमारत आडवी कापायची, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि उरलेल्या भागाकडे सरळ वरून खाली बघायचं. रेव्हिटच्या मेट्रिक टेम्प्लेटमध्ये ही कापायची पातळी १२०० मिलिमीटरवर असते. दारं-खिडक्या कापल्या जाव्यात आणि ओटा, टेबल, पलंग वरून दिसावेत, म्हणून ती तिथे. आता छत असतं अडीच-पावणेतीन मीटरवर. म्हणजे आपण जो भाग उचलून बाजूला ठेवला, त्याच्याबरोबरच छतही गेलं. जे या व्ह्यूमध्ये, म्हणजे या चित्रात, नाही त्याला टॅग लागणार कसा?

छतासाठी वेगळा प्लॅन असतो तो याचमुळे. त्याला रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन म्हणतात. ऑफिसात सगळे नुसतं आरसीपी म्हणतात. इथे कापायची पातळी वर जाते, रेव्हिटमध्ये २३०० मिलिमीटरवर, आणि नजर खालून वर वळते. ‘रिफ्लेक्टेड’ एवढ्यासाठी की जमिनीवर भलामोठा आरसा अंथरला आणि त्यात वरच्या छताचं प्रतिबिंब पाहिलं तर जसं दिसेल, तसं ते चित्र असतं. आपण खरोखर पाठीवर झोपून छताकडे पाहिलं तर डावं-उजवं उलटं होतं. आरशातल्या चित्रात ते होत नाही. फ्लोअर प्लॅनमधली डावीकडची खोली आरसीपीतही डावीकडेच राहते. हे लक्षात ठेवा, पुढे एका युक्तीला त्याचाच उपयोग होतो.

आरसीपीमध्ये काम सोपं आहे. सीलिंग टॅग लावा, ‘हाइट ऑफसेट फ्रॉम लेव्हल’ (लेव्हलपासून, म्हणजे मजल्याच्या ठरवलेल्या पातळीपासून, छताची उंची) हे पॅरामीटर, म्हणजे माहितीचा रकाना, त्यात घाला, आकडा आला. छत वर-खाली केलं की आकडाही बदलतो. स्पॉट एलिव्हेशनही (एखाद्या बिंदूची पातळी दाखवणारी खूण) लावता येतं. अडचण एवढीच की हे सगळं आरसीपीत आहे, आणि आपल्याला ते फ्लोअर प्लॅनवर हवं आहे.

काही जण व्ह्यू रेंजशी, म्हणजे प्लॅन कुठे कापायचा आणि किती दाखवायचा या सेटिंगशी, खेळून बघतात. कापायची पातळी छताच्या वर नेली की छत दिसेल, असा हिशेब. दिसतं, पण वरून दिसतं, आणि त्याच्याखाली सगळी खोली झाकली जाते. शिवाय खिडक्या आता कापल्या जात नाहीत, त्यामुळे त्या प्लॅनमधून नाहीशा होतात. एका आकड्यासाठी सगळ्या प्लॅनचं वाटोळं.

आकडा कोणाचा?

इथे थोडं थांबून विचार करावा लागतो. प्लॅनवर जो ‘२७००’ छापला जाणार, तो कुठून येणार? सॉफ्टवेअर कोणतंही असो, या प्रश्नाची उत्तरं तीनच. तो छताकडून येतो, खोलीकडून येतो, किंवा माणसाच्या बोटांतून येतो. बाकी सगळ्या युक्त्या या तिघांच्या जोडण्या आहेत.

तिसरा मार्ग सर्वांत जास्त वापरला जातो. साध्या ऑटोकॅडच्या ड्रॉइंगमध्ये तर तोच असतो: टेक्स्ट घ्यायचं आणि लिहून टाकायचं. रेव्हिटमध्येही पुष्कळ जण रूमला ‘सीलिंग हाइट’ नावाचं एक पॅरामीटर जोडतात, त्यात हाताने २७०० भरतात आणि रूम टॅगमध्ये ते दाखवतात. दिसायला ते अगदी मॉडेलमधून आल्यासारखं दिसतं, आणि धोका तिथेच आहे. टेक्स्ट म्हणून लिहिलेल्या आकड्याकडे माणूस जरा संशयाने बघतो. टॅगमधल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो. पुढे डक्टसाठी छत दीडशे मिलिमीटर खाली घेतलं जातं, आरसीपी सुधारते, सेक्शन सुधारतात, आणि फ्लोअर प्लॅनवर जुना २७०० मुक्काम ठोकून बसतो.

तरी हा मार्ग मी टाकाऊ म्हणणार नाही. चार खोल्यांच्या घराला, जिथे सगळी छतं एकाच उंचीवर आहेत आणि ड्रॉइंग करणारा एकच माणूस आहे, तिथे हाताने भरणं हाच शहाणपणा. स्क्रिप्ट लिहीत बसण्यात अर्थ नाही. फक्त पॅरामीटरचा प्रकार ‘टेक्स्ट’ न ठेवता ‘लेंग्थ’ ठेवावा. पुढे कधी तुलना किंवा बेरीज-वजाबाकी करायची वेळ आली तर टेक्स्टमधला आकडा काही कामाचा नसतो.

दुसरा मार्ग खोलीचा. हा सर्वांत फसवा.

रेव्हिटमध्ये रूमला स्वतःची उंची असते. ‘अपर लिमिट’ आणि ‘लिमिट ऑफसेट’ मिळून ती ठरते, आणि प्रॉपर्टीजमध्ये ‘अनबाउंडेड हाइट’ नावाने दिसते. नवशिक्याला वाटतं, सापडली छताची उंची. तो ती टॅगमध्ये घालतो आणि सगळ्या खोल्यांवर एकच आकडा येतो. कारण ही उंची म्हणजे खोली ठेवताना जो ऑफसेट दिला, किंवा जो आपोआप लागला, तेवढीच. छत कुठे आहे याची तिला खबर नाही. ‘अनबाउंडेड’ म्हणजेच कशानेही न अडलेली. रूम हा प्रकार खरं तर एक अदृश्य ठोकळा आहे. तो छताला भेदून वर गेलेला असू शकतो किंवा छताच्या खाली अर्धवट थांबलेला असू शकतो, आणि प्लॅनवर दोन्ही सारखेच दिसतात. सेक्शनमध्ये रूमचा ‘इंटीरियर फिल’ चालू करून बघितलं की खरा प्रकार कळतो. एकदा तरी बघावाच.

पण त्याच ठोकळ्याकडून खरी उंची काढायचा एक मार्ग आहे. ‘एरियाज अँड व्हॉल्यूम्स’ ही सेटिंग चालू केली की रेव्हिट खोलीचं घनफळ मोजताना छत, स्लॅब, छप्पर यांना हद्द मानतं. रूमची वरची मर्यादा छताच्या वर नेऊन ठेवायची, म्हणजे ठोकळा छतापाशी छाटला जातो. मग घनफळाला क्षेत्रफळाने भागलं की उंची. रेव्हिटच्या टॅगमध्ये हिशेबी फॉर्म्युला लिहिता येतो, त्यामुळे हा भागाकार थेट टॅगमध्येच करता येतो. कुठलंही प्लगइन नको, स्क्रिप्ट नको. छत हललं की आकडा हलतो.

सपाट छताच्या खोलीत हे झकास चालतं. आता असं समजा की हॉल आहे, कडेने फॉल्स सीलिंगची पट्टी २६०० वर आणि मधला भाग २९०० वर, आणि दोन्ही भागांचं क्षेत्रफळ निम्मं-निम्मं. भागाकाराचं उत्तर २७५०. त्या हॉलमध्ये मोजपट्टी घेऊन कुठेही उभे राहा, २७५० कुठेच भरणार नाही. सरासरी म्हणून तो आकडा बरोबर आहे आणि उंची म्हणून साफ चूक. एसीची क्षमता काढणाऱ्याला चालेल, सुताराला नाही. शिवाय मोठ्या मॉडेलमध्ये घनफळाची मोजणी कायम चालू ठेवली तर काम जड होतं, हेही आहे.

पहिला मार्ग, म्हणजे थेट छताला विचारणं. तत्त्वतः हाच योग्य. उंची हा छताचा गुण आहे, मग छतानेच सांगावी. पण रेव्हिटमध्ये रूम आणि सीलिंग यांच्यात तयार दुवा नाही. दार कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत उघडतं हे रेव्हिटला माहीत असतं. या खोलीवर कोणतं छत आहे, हे ते सांगत नाही. तो दुवा आपल्याला बांधावा लागतो, आणि त्यासाठी लोक डायनॅमो, म्हणजे रेव्हिटसाठी स्क्रिप्ट बनवायचं साधन, वापरतात.

कल्पना सोपी आहे. प्रत्येक खोलीतल्या एका बिंदूवरून सरळ वर एक किरण सोडायचा. तो पहिल्यांदा कशाला आपटतो ते बघायचं, अंतर मोजायचं आणि ते त्या खोलीच्या ‘सीलिंग हाइट’ पॅरामीटरमध्ये लिहायचं. डायनॅमोमध्ये यासाठी ‘रे बाउन्स’चा नोड (तयार आज्ञा) आहे, त्याला एक थ्रीडी व्ह्यू द्यावा लागतो. शहाणा माणूस त्यासाठी वेगळा व्ह्यू करतो आणि त्यात छत, स्लॅब आणि छप्पर सोडून बाकी सगळं बंद ठेवतो. नाहीतर किरण जाऊन पंख्याला आपटतो आणि प्लॅनवर छत २३५० वर आल्याचं जाहीर होतं.

बिंदू कुठला घ्यायचा, यातही मेख आहे. खोलीचा भौमितिक मध्य घेतला तर एल आकाराच्या खोलीत तो शेजारच्या खोलीत पडू शकतो. रूमचा स्वतःचा लोकेशन पॉइंट, म्हणजे ती ठेवताना जिथे क्लिक केलं ती जागा, ही खोलीच्या आत असण्याची खात्री जास्त. तरीही तो बिंदू नेमका बीमखाली किंवा छताच्या उतरलेल्या पट्टीखाली असू शकतो. छतं दुसऱ्या लिंक केलेल्या फाइलमध्ये असतील तर स्क्रिप्टला तिकडेही बघायला शिकवावं लागतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, हा आकडा जिवंत नसतो. स्क्रिप्ट जेव्हा चालवली, त्या क्षणापुरता तो खरा. नंतर छत हललं आणि कुणी स्क्रिप्ट पुन्हा चालवली नाही, तर आपण परत हाताने भरलेल्या आकड्याइतकेच उघडे पडतो. ड्रॉइंग बाहेर पाठवण्याआधी ती चालवायचीच, हा शिरस्ता पाडून घ्यावा लागतो.

न जोडता जोडलेलं दाखवणं

आता ती आरशाची युक्ती. फ्लोअर प्लॅन आणि आरसीपी, दोन्हींत डावं डावीकडे आणि उजवं उजवीकडे. मग शीटवर, म्हणजे छापायच्या कागदावर, फ्लोअर प्लॅन ठेवायचा आणि त्याच्यावर, अगदी त्याच जागी, आरसीपीची एक प्रत ठेवायची. त्या प्रतीत सीलिंग टॅग सोडून बाकी सगळं अदृश्य. कागदावर बघणाऱ्याला वाटतं एकच ड्रॉइंग आहे. प्रत्यक्षात दोन व्ह्यू एकावर एक आहेत, आणि आकडे थेट छताकडून येताहेत. स्क्रिप्ट नाही, सरासरी नाही. छत खाली घेतलं की त्याच क्षणी आकडा बदलला.

मला स्वतःला ही युक्ती आवडते, कारण तिच्यात खोटं बोलायला जागाच कमी आहे. पण तिचेही चटके आहेत. छताचे टॅग आणि खोलीचे टॅग वेगवेगळ्या व्ह्यूमध्ये असल्याने एकमेकांवर चढतात, आणि ते फक्त शीटवर गेल्यावर दिसतं. खालचा व्ह्यू निवडायला जावं तर वरचा हाती लागतो. कुणीतरी नवीन माणूस येतो, शीटवर एक ‘रिकामा’ व्ह्यू पाहतो आणि नीटनेटकेपणाने डिलीट करून टाकतो. त्या व्ह्यूच्या नावातच ‘फक्त छताच्या उंचीसाठी, काढू नये’ असं लिहून ठेवलेलं बरं.

बाकीची सॉफ्टवेअरं

आर्किकॅडमध्ये खोलीला झोन म्हणतात, आणि झोनच्या स्टॅम्पवर (खोलीच्या लेबलवर) उंची दाखवण्याची सोय तयारच आहे. त्यामुळे तिथे हा प्रश्न वरवर सुटल्यासारखा वाटतो. पण झोनची उंची ही झोनची सेटिंग आहे. छत बहुतेक जण स्लॅब टूलने काढतात, आणि तो स्लॅब खाली सरकवला म्हणून झोनच्या सेटिंगमधला आकडा आपोआप बदलत नाही. म्हणजे रेव्हिटच्या ‘अनबाउंडेड हाइट’चाच भाऊ. उतरत्या छपराखाली झोन छाटून घेता येतो, ती सोय चांगली आहे. भिंती हलल्यावर ‘अपडेट झोन्स’ चालवायला लागतं, हे आर्किकॅडवाल्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. उंचीकडे वेगळं बघायची सवय मात्र लावून घ्यावी लागते.

चीफ आर्किटेक्टसारखं घरांसाठीचं सॉफ्टवेअर उलट्या दिशेने चालतं, आणि ते मला फार रंजक वाटतं. तिथे छताची उंची हा खोलीचाच गुण आहे. ‘रूम स्पेसिफिकेशन’मध्ये उंची बदलली की छत हलतं, आणि त्याच्याबरोबर भिंतीही वाढतात-कमी होतात. आकडा इमारतीचं वर्णन करत नाही, इमारतच आकड्याप्रमाणे उभी राहते. त्यामुळे खोलीच्या लेबलात तोच आकडा दाखवला तर तो चुकण्याचा संभव कमी. तिथे ‘रफ’ (फिनिशिंगच्या आधीची) आणि ‘फिनिश्ड’ (नंतरची) अशा दोन उंच्या वेगळ्या असतात, त्यातली कुठली दाखवतोय एवढं बघावं. हा साधेपणा खोल्या डब्यासारख्या असतात तोवर टिकतो.

आणि आयएफसी. वेगवेगळ्या सॉफ्टवेअरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केलेला हा खुला नमुना, आयएसओ १६७३९ म्हणून प्रसिद्ध झालेला. त्यात खोली म्हणजे ‘आयएफसी स्पेस’, आणि तिच्या मोजमापांत ‘हाइट’, ‘फिनिश सीलिंग हाइट’ आणि ‘फिनिश फ्लोअर हाइट’ अशा तीन वेगळ्या नोंदी आहेत. खोलीची पूर्ण उंची वेगळी, फ्लोअरिंगच्या माथ्यापासून फॉल्स सीलिंगच्या तळापर्यंतची वेगळी, आणि फ्लोअरिंग मूळ स्लॅबपासून किती वर आहे ते वेगळं. नमुना बनवणाऱ्यांनी हे तीन आकडे उगाच सुटे ठेवलेले नाहीत.

मोजायचं कुठून?

बहुतेक भांडणं इथली असतात. एक खोली घेऊ आणि तिचा सेक्शन मनात उभा करू.

खालच्या स्लॅबच्या माथ्यापासून वरच्या स्लॅबच्या माथ्यापर्यंत ३३०० मिलिमीटर. वरचा स्लॅब १५० जाड, म्हणजे त्याचा तळ ३१५० वर. स्लॅबसकट ६०० मिलिमीटर खोल बीम, म्हणजे बीमचा तळ २७०० वर. त्याखाली फॉल्स सीलिंग, तळ २६०० वर. आता मॉडेल करताना लेव्हल धरली आहे ती स्ट्रक्चरल स्लॅबच्या माथ्यावर. त्यावर ५० मिलिमीटरचा थर आणि १० ची टाइल, असं ६० मिलिमीटर फ्लोअरिंग येणार.

सीलिंग टॅग काय दाखवेल? २६००. कारण ‘हाइट ऑफसेट फ्रॉम लेव्हल’ हे लेव्हलपासून मोजतं, फ्लोअरिंगपासून नाही. टाइल बसल्यावर सुतार मोजेल तेव्हा पट्टीवर येतील २५४०. त्याने २६०० च्या हिशेबाने कपाट कारखान्यात बनवून आणलं असेल तर ते साठ मिलिमीटरने अडणार. प्लॅनवरचा आकडा मॉडेलशी तंतोतंत जुळतो, टॅग बरोबर आहे, छत बरोबर आहे, आणि कपाट आत जात नाही.

यावर उपाय दोन. लेव्हलच तयार जमिनीच्या माथ्यावर धरायची आणि स्ट्रक्चरल स्लॅब तिच्या खाली उणे ऑफसेटने टाकायचा. इंटीरियरचं काम करणाऱ्यांना हे सोयीचं. नाहीतर लेव्हल स्लॅबवरच ठेवायची आणि टॅगमध्ये फ्लोअरिंगची जाडी वजा करायची. दुसऱ्या उपायात प्रत्येक खोलीचं फ्लोअरिंग वेगळं असलं की वजाबाकीही वेगळी. टॉयलेटचा स्लॅब खाली घेतलेला असतो, सर्व्हर रूमला रेझ्ड फ्लोअर (स्लॅबच्या वर उचललेली जमीन) असतो. तिथे एकच वजाबाकी सगळीकडे लावली तर घोळ ठरलेला. किरण सोडणाऱ्या स्क्रिप्टचा इथे एक फायदा होतो: तोच किरण खालीही सोडता येतो. वर छत, खाली प्रत्यक्ष फ्लोअर, दोन्ही अंतरांची बेरीज ही खरी क्लिअर हाइट, म्हणजे मोकळी उंची. लेव्हल कुठे धरली आहे याच्याशी मग देणं-घेणंच उरत नाही.

जाता जाता त्याच सेक्शनमधली आणखी एक गोष्ट. बीमचा तळ आणि फॉल्स सीलिंगचा तळ यांच्यात जेमतेम १०० मिलिमीटर आहेत. त्यातून सीलिंगची फ्रेम आणि बोर्ड वजा केलं तर बीमखालून डक्ट जाणं विसरा. छताची उंची प्लॅनवर लिहिलेली असली की असल्या प्रश्नांना साइटच्या आधीच तोंड फुटतं. मला वाटतं या सगळ्या उठाठेवीचं खरं कारण हेच आहे.

आकड्याला हद्द लागते

एका खोलीत दोन उंच्या असतील तर नुसते दोन आकडे लिहून भागत नाही. २६०० कुठपर्यंत आणि २९०० कुठून, हे दिसायला हवं. त्यासाठी फ्लोअर प्लॅनवर तुटक रेषा काढतात. कापायच्या पातळीच्या वर असलेली गोष्ट तुटक रेषेने दाखवायची, ही जुनी रीत आहे. लॉफ्ट, बीम, वरची कपाटं अशीच दाखवतात. आकडा त्या हद्दीच्या आत बसला पाहिजे. रेषा नसेल तर आकडा नुसती अफवा.

ही तुटक रेषा बहुतेक वेळा हाताने काढलेली डिटेल लाइन असते, म्हणजे छत बदललं तरी ती जागची हलत नाही. रेव्हिटमध्ये फ्लोअर प्लॅनला ‘अंडरले’ देता येतो आणि त्याची दिशा ‘लुक अप’ ठेवता येते. मग वरच्या छताच्या कडा फिकट दिसतात आणि निदान रेषा काढायला आधार मिळतो. ‘लाइनवर्क’ टूलने त्या कडांनाच तुटक करता आलं तर आणखी उत्तम, कारण मग रेषा मूळ छताला चिकटून राहते.

उतरतं छत हा तर वेगळाच प्रांत. तिथे ‘छताची उंची’ असा एक आकडा असतच नाही. सर्वांत खालची आणि सर्वांत वरची अशा दोन उंच्या द्याव्यात, उताराचा बाण काढावा, आणि डोकं आपटेल अशी जागा कुठून सुरू होते ती रेषाही काढावी. ही रेषा नियमांच्या दृष्टीनेही महत्त्वाची असते. अमेरिकेतल्या निवासी इमारतींच्या ‘इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड’मध्ये उतरत्या छताच्या खोलीसाठी असं आहे की खोलीला लागणाऱ्या किमान क्षेत्रफळापैकी निदान निम्म्या भागावर ७ फूट उंची हवी, आणि ५ फुटांपेक्षा कमी उंचीचा भाग त्या क्षेत्रफळात धरायचाच नाही. म्हणजे तिथे ५ फुटांची रेषा प्लॅनवर काढल्याशिवाय खोली नियमात बसते की नाही हेच कळत नाही. सरासरी काढणारा टॅग अशा खोलीत शोभेपुरताही ठेवू नये.

कागदावर मांडणी

ड्रॉइंगवर उंची आणि लेव्हल यांची गल्लत फार होते. ‘+०.४५०’ ही जमिनीची पातळी, कुठल्यातरी ठरवलेल्या शून्यापासून. ‘२७००’ ही छताची उंची, त्याच खोलीच्या जमिनीपासून. दोन्ही एकाच प्लॅनवर, एकाच अक्षरात, एकाच आकारात लिहिले की वाचणारा गोंधळतो. म्हणून छताच्या उंचीला वेगळी चौकट द्यावी, आधी ‘सी.एच.’ (सीलिंग हाइट) लिहावं, आणि ‘तयार फ्लोअरपासून’ हे शब्द सूचीत एकदा तरी स्पष्ट छापावेत. चौकट गोल की चौकोनी, याला फार महत्त्व नाही. सगळ्या शीटवर एकच असावी म्हणजे झालं.

प्रत्येक खोलीत उंची लिहायचीच का? दहा खोल्यांना एकच उंची असेल तर दहा टॅग म्हणजे निव्वळ गर्दी. अशा वेळी एक सर्वसाधारण टीप देऊन फक्त वेगळ्या उंचीच्या खोल्यांना टॅग लावणं सुटसुटीत वाटतं, आणि अनेक ऑफिसांत तीच पद्धत आहे. मला ती पूर्णपणे पटत नाही. टॅग नसलेली खोली ही ‘नेहमीची उंची’ आहे की ‘लिहायला विसरलो’, हे कागदावरून ओळखता येत नाही. त्यापेक्षा टॅग लहान ठेवा, पण सगळीकडे ठेवा. छतच नसलेल्या खोलीत, जिथे स्लॅब उघडा आहे, तिथे तर आवर्जून ‘स्लॅबचा तळ’ म्हणून लिहा. नाहीतर फॉल्स सीलिंगवाला तिथेही माप घेऊन जाईल.

तपासणीसाठी शेड्यूलसारखं, म्हणजे मॉडेलमधून भरल्या जाणाऱ्या तक्त्यासारखं, दुसरं साधन नाही. सगळ्या खोल्यांचं एक शेड्यूल करायचं: खोलीचं नाव, टॅगमध्ये जाणारी उंची, आणि शेजारी घनफळ भागिले क्षेत्रफळ. सपाट छत असलेल्या आणि लेव्हल तयार फ्लोअरवर धरलेल्या खोल्यांत हे दोन आकडे जुळायला हवेत. फरकाचा एक रकाना घालून त्याला कंडिशनल फॉरमॅटिंग दिलं की जिथे फरक शून्य नाही त्या ओळी रंगतात. रंगलेली प्रत्येक ओळ म्हणजे चूकच असेल असं नाही. हॉलमध्ये दोन पातळ्यांचं छत असेल, एखादी रूम छतापर्यंत पोचलेलीच नसेल, किंवा एखाद्या छताच्या कडेला भिंतीपाशी फट राहून ठोकळा तिथून वर निसटला असेल. पण शोधायचं कुठे, ते कळतं. शीट बाहेर जाण्याआधी स्क्रिप्ट चालवा, हे शेड्यूल उघडा, रंगलेल्या ओळी एकेक करून सेक्शनमध्ये बघा, आणि मगच पीडीएफ काढा.